पुन्हाबाई आणि रक्तातला घरजावई

दवाखान्याच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं रक्त तपासणाऱ्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना पुन्हाबाई म्हणत. आकडा जरा वाकडा दिसला की त्यांचं ठरलेलं, "पुन्हा लावू." भाजीत मीठ दोनदा चाखायच्या, कुलूप तीनदा ओढायच्या. नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हाही "पुन्हा सांगा" म्हणाल्या होत्या. त्याने सांगितलं, आणि तेव्हापासून तो त्यांच्याच माहेरी घरजावई म्हणून नांदतो आहे.

त्या गुरुवारी सकाळी रक्त द्यायला टेलरताई आली. वय एकतीस, बोटांना सुईचे घट्टे. सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, तिच्यावर डोक्याच्या एमआरआय फोटोत ठिपका दिसला होता आणि रक्तात प्रोलॅक्टिन भलतंच वाढलेलं. बाळंतिणीला दूध आणणारं हे हॉर्मोन. वर्षभर गोळ्या घेऊनही आकडा हटेना, म्हणून आता नाकातून शिरून तो ठिपका काढायचा होता.

पुन्हाबाईंनी दंडाला पट्टा बांधला, तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, तुमच्या एप्रनचा खिसा उसवलाय."

"उसवू दे. त्यात आहे काय, पेनाशिवाय!"

"एरवी इथेच टाके घातले असते हो. पण त्या गोळीनं डोकं असं गरगरतं, सुईत दोराच जात नाही. चार महिने मशीन झाकून ठेवलंय." मग हळूच, "नाकातून म्हणे मेंदूपर्यंत जातात. खरंय?"

बाईंनी उलट विचारलं, "पाळी?"

"घड्याळ लावून घ्या."

"छातीतून दूधबीध?"

"छे! गोळ्यांच्या आधीही नव्हतं. कुणीतरी तपासणीचं पॅकेज घ्यायला लावलं, त्यात हे निघालं."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. एवढं प्रोलॅक्टिन खरंच कामाला लागलं असतं, तर पाळीचं घड्याळ केव्हाच बंद पडायला हवं होतं. इथे आकडा बोंबलतोय आणि शरीर हूं की चूं करत नाही! दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि बाईंचा यंत्रावर शरीराइतका विश्वास नव्हता.

त्यांनी यंत्रावर आधी नुसतं रक्त लावलं. एकशे बारा. पुन्हा लावलं. एकशे बाराच; असायला हवं पंचविसाच्या आत. मग कपाटातून पीईजीची बाटली काढली. या पांढऱ्या पुडीचं पाणी रक्ताच्या पिवळ्या निवळीत समसमान मिसळलं की जडजड गठ्ठे खाली बसतात, सुटी हॉर्मोन्स वर तरंगत राहतात. शेजारच्या नळीत त्यांनी स्वतःच्या रक्ताची निवळी घेतली. पूडच बिघडलेली असली तर तिथे कळलं असतं. दोन्ही नळ्या गरगर फिरवल्या. टेलरताईच्या नळीच्या तळाशी चांगला जाड साका बसला. वरच्या पाण्याचा आकडा आला साडेपाच.

इथेच नवखा माणूस नाचत सुटतो. बाईंनी दोनने गुणलं, कारण निम्मं पाणी पुडीचं होतं. अकरा. म्हणजे अगदी चारचौघींसारखं. त्यांच्या स्वतःच्या रक्ताचा आकडाही जिथल्या तिथे होता. तरी सगळं पुन्हा लावलं. अकराच.

कागद घेऊन त्या गेल्या तेव्हा डॉक्टर टेलरताईचीच फाईल उघडून बसले होते. "आता लॅबनं निदान करायचं का, पुन्हाबाई?"

"निदान तुम्हीच करा सर. मी निदान पुन्हा मोजलं तरी."

डॉक्टरांनी कागद पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. त्या दिवशी पुन्हा बघायची पाळी त्यांची होती. "मॅक्रोप्रोलॅक्टिन," ते पुटपुटले. "हे गोळ्यांच्या आधी बघायला हवं होतं. माझं चुकलं." त्यांनी स्वतः फोन लावून सोमवारचं ऑपरेशन रद्द केलं. तसला बारीक ठिपका धडधाकट माणसातही सापडतो. वर्षाने एकदा फोटो काढून बघायचं ठरलं.

टेलरताईला मात्र तो शब्द काही केल्या उमजेना. शेवटी बाईंनीच समजावलं, "तुझ्या प्रोलॅक्टिनला रक्तातलंच एक प्रथिन चिकटून बसलंय. त्यामुळे ते इतकं अवजड झालंय, की रक्तातून लवकर बाहेर पडत नाही. कामही करत नाही. नुसता घरजावई! यंत्र बिचारं माणसं मोजतं, कामं नाही."

ती हसता हसता रडली. "मग गोळी?"

"डॉक्टरांनी बंद केलीय. आणि पुढे कुणीही हा आकडा बघून घाबरवलं, तर हा कागद दाखवायचा."

संध्याकाळी घरी हा किस्सा सांगितला, तेव्हा नवरा ओट्यापाशी पाठमोरा उभा होता. "म्हणजे माझ्यासारखाच म्हणा की."

"तुम्ही निदान भांडी तरी घासता," बाई म्हणाल्या, आणि त्याने धुतलेला पेला त्यांनी उजेडात धरून पाहिला. "हा पुन्हा घासा."

तीन आठवड्यांनी टेलरताई लॅबच्या खिडकीशी आली. रक्त द्यायला नव्हे. "एप्रन काढा बाई." बाकड्यावर बसून तिने सुई वर धरली, एक डोळा मिटला. दोरा पहिल्याच फटक्यात आत गेला.

पुन्हाबाई बघत राहिल्या. पुन्हा ओवून दाखव, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.