हलायचं न्हाय

सन २०१९. मला तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं आणि माझ्या बायकोला पासष्टावं.

जानेवारीत आम्ही दोघं लेकीकडं झाशीला निघालो होतो. जावई तिथं लष्करात. स्टेशनवर घ्यायला येतो म्हणून त्यांनी दोनदा फोन केला. मी सांगितलं, "यायचं न्हाय. आमी काय पार्सल हाय का उतरवून घ्यायला? पत्ता कागदावर हाय, रिक्षा करून येतो."

लेक म्हणाली, "आबा, तुम्ही कधी ऐकलंय का कुणाचं?"

"ऐकलं असतं तर तुझ्या लग्नाला गावजेवण झालं नसतं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण विहिरीवरच्या मोटरीसाठी असो की वाटणीच्या भांडणासाठी, मी कुणाच्या दारात विचारायला गेलो नाही. रेल्वे तर माझी आवडीची. मोठी गाडी फलाटाला लागली की मला पोरासारखं होतं. आम्ही कन्हेरीच्या पलीकडचे. बारामतीहून पॅसेंजरनं दौंडला गेलो आणि संध्याकाळी तिथून झाशीची गाडी धरली. गाडी झाशीलाच संपायची, त्यामुळं पुढं जाऊन पडायची भीती नाही. खालची दोन बाकं आमची. मनमाड मागं पडेपर्यंत मी खिडकी सोडली नाही. शेजारच्या कापसाच्या व्यापाऱ्याला मी ऊस सांगितला, त्यानं मला कापूस सांगितला. समोरच्या बाईनं हिला पेढा दिला. हिनं हातात घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हिनं पेढा हसून परत दिला.

कारण गाडी हलल्या हलल्याच मी हिला बजावलं होतं. कुणाचं काय खायचं न्हाय. कुणाला आपलं काय सांगायचं न्हाय. आणि चुकामूक झाली तर हलायचं न्हाय.

हे शेवटचं आमच्यात जुनं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी इंदापूरच्या बाजारात ही बांगड्या बघत पुढं गेली आणि मी तासभर शोधत फिरलो. सापडल्यावर चार माणसांत बोललो, नको तेवढं बोललो. तेव्हा ठरलं, की जिथं चुकलो तिथंच थांबायचं, दुसऱ्यानं शोधत यायचं. पुढं एकदा मीच ओळखीच्या माणसाबरोबर चहाला बसलो आणि विसरलो. तीन तासांनी गेलो तर ही कांद्याच्या गोण्यांपाशी भर उन्हात तशीच उभी. पदर तेवढा डोक्यावर ओढलेला. मला त्या वेळी वाईट वाटायला पाहिजे होतं. मला अभिमान वाटला.

सकाळी उठलो तर खिडकीबाहेर सगळं दुधासारखं. धुक्यामुळं गाडी चालायची आणि थांबायची, चालायची आणि थांबायची. इटारसी यायला आठ वाजले. पाणी संपलं होतं. बाटलीतलं पाणी मी विकत घेत नाही. ज्या देशात एवढ्या नद्या आहेत तिथं पाण्याला दर कसला, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं. पाच लिटरचा कॅन उचलला.

ही म्हणाली, "अवं, गाडी किती थांबती ते इचारा की कुणाला."

"इचारायचं काय त्यात? जंक्शन हाय. थांबतीच."

पहिल्या नळाला पाणी नव्हतं. दुसऱ्यापाशी रांग. तिसरा नळ पार टोकाला, करंगळीएवढी धार. कॅन भरत आला तेव्हा मागं बघितलं तर डबे सरकत होते. आताची इंजिनं हिसका देत नाहीत, पाण्यासारखी निघतात. मी पळालो. एका दारातल्या तरण्या माणसानं हात पुढं केला, "पकडो, बाबा, पकडो!" कॅन टाकला असता तर दाराची दांडी हाताला आली असती. टाकला नाही. का नाही टाकला ते आजही सांगता येत नाही. शेवटचा डबा गेला, त्याच्या मागचा लाल दिवा धुक्यात गेला, आणि मी भरला कॅन घेऊन उभा.

अंगात बंडी, बंडीच्या खिशात दोघांचं तिकीट, पैसे आणि पत्त्याचा कागद. मोबाईल हिच्या पिशवीत, बॅटरी वाचावी म्हणून मीच बंद केलेला. नंबर एकाचाही पाठ नाही. लेकीचा नाही, घरचा नाही.

मी नळापाशी बसलो. ठरल्याप्रमाणं. ही पुढच्या स्टेशनला उतरेल, उलट्या गाडीनं परत येईल, असं मनात धरलं. झाशीकडं जाणारी एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. मी हललो नाही.

एक म्हातारा हमाल दोनदा माझ्याकडं बघून गेला. तिसऱ्यांदा शेजारी टेकला. बैतुलकडचा होता, मराठी बोलायचा.

"कोणाची वाट पाहून राह्यले, बाबाजी?"

"मंडळीची. गाडीत ऱ्हायली."

"मंग इथं काऊन बसले?"

"चुकलं की जिथल्या तिथं थांबायचं, असं आमचं ठरलंय. तिला ठावं हाय."

तो जरा वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "तिलेबी ठाव आहे?"

"व्हय. ती मोडायची न्हाय. माझ्यापरास पक्की."

"मंग ते कायले उतरते, बाबाजी? ते त आपल्या जागेवर बसून आहे. अन् जागा चालली झाशीले."

बाजारात जमीन हलत नाही. गाडीत बसलेल्या माणसाची जागाच चालते, ही साधी गोष्ट मला एकाहत्तराव्या वर्षी एका हमालानं सांगितली. ही उतरणार नव्हती. इथं नाही, भोपाळला नाही, आणि मी आलो नाही तर झाशीलाही नाही. तिथं घ्यायला कुणी यायचं नाही, हेही मीच ठरवून ठेवलं होतं.

हमालानंच पोलिसांच्या खोलीत नेलं. शिपायानं तिकीट बघितलं, डबा, नंबर लिहून घेतला. विचारलं, "नाम?" पन्नास वर्षांत मी हिचं नाव कुणापुढं मोठ्यानं घेतलं नव्हतं. घेतलं. शिपायानं भोपाळला फोन लावला. अर्धा-पाऊण तास मी त्या खोलीत उभा होतो. खुर्ची होती, बसलो नाही.

फोन वाजला. शिपाई ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बघूनच मी समजलो.

"नहीं है, बाबा. डिब्बे में नाम लेकर आवाज लगाई. कोई नहीं बोला."

"ऐसा कैसा? खिडकी के पास है. हिरवा लुगडा."

"सब बूढ़ी औरतें सो रही थीं, बाबा. गाड़ी छूट गई."

आता कुठं जायचं? उतरली असेल तर मधल्या कुठल्या स्टेशनावर? मला शोधायला दारात आली आणि तोल जाऊन… पुढचं मी मनात येऊ दिलं नाही. हमाल म्हणाला, "झाशीलेच जा. नियम तुमचा पक्का असन त ते तिथंच भेटन." त्यानं मला पुढच्या गाडीच्या जनरल डब्यात चढवलं. मी पाण्याचा कॅन त्याला दिला. देण्यासारखं माझ्याकडं तेवढंच होतं असं नाही, पण सुचलं तेवढंच.

तो प्रवास मी दारात उभा राहून केला. टीसीनं तिकीट बघितलं, गाडी दुसरी आहे म्हणाला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं गेला. नर्मदा आली. आयुष्यभर बघायची होती ती नदी, पण माझी नजर कठड्याखाली, रुळाच्या कडेला. कुठं हिरवं दिसतंय का. भोपाळ आलं, विदिशा आलं. प्रत्येक फलाटावर मी एकेक माणूस बघत होतो.

बीनाला दिसली. फलाटाच्या कडेला, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, शेजारी बोचकं. मी उतरून पळालो. "अगं ए! अगं ए!" हिला हाक मारायची माझी तीच पद्धत. फलाटावरच्या पाच-सहा बाया वळल्या, ती वळली नाही. खांद्याला हात लावणार तेवढ्यात तिनं मान फिरवली. कुणीतरी दुसरीच. शेजारच्या तिच्या पोरानं माझा हात धरला आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. मी हात जोडले. तेवढ्यात माझी ही गाडीही हलली. या वेळी हातात काही नव्हतं, म्हणून दांडी सापडली.

झाशीला पोचायला पाच वाजत आले. फलाटावर आमची गाडी नव्हती. हीही नव्हती. बाकडी बघितली, बायकांची खोली बघितली. मग पहिल्यांदा आयुष्यात मी दिसेल त्या माणसाला विचारत सुटलो. चहावाल्याला, झाडूवाल्याला, दिवा घेतलेल्या माणसाला. गाडी अडीच तासांपूर्वी आली, रिकामी झाली आणि धुवायला यार्डात गेली, एवढं कळलं. यार्डात कुणाला सोडत नाहीत म्हणे. मी तिथंच बसकण मारली. म्हटलं, नेलं नाही तर इथनं उठणार नाही. शेवटी सफाईचा एक मुकादम पुढं झाला. चालता चालता म्हणाला, "एक अम्मा बैठी है. उतरती ही नहीं."

मी त्याच्या पुढं चालायला लागलो.

यार्डात खडीवरून चालताना पाय वळत होते. ऊन उतरलेलं. डब्यांच्या खालून पाणी ठिबकत होतं. आमच्या डब्यापाशी दोन सफाईवाल्या बाया उभ्या. एक म्हणाली, दोनदा हात धरून उतरवायला बघितलं तर खिडकीचा गज सोडीना. चहा दिला, घेतला नाही.

मी वर चढलो. सगळा डबा मोकळा, ओला. आमच्या बाकावर ही पाय वर घेऊन बसलेली, पिशव्या मांडीशी, एक हात गजाला. माझ्याकडं बघितलं.

"आला का? लवकर आला."

"अगं, झाशी कधीच आली. उतरायचं न्हाय?"

"कोण म्हणालं हुतं हलायचं न्हाय म्हणून?"

"पोलीस आला हुता ना डब्यात? नाव घेत हुता तुझं."

"घेत हुता. पोलिसाच्या तोंडात माझं नाव कशापायी यील? म्हणलं कायतरी भानगड हाय. तोंडावर पदर घेऊन झोपले. तुमीच म्हणाला, कुणाला काय सांगायचं न्हाय."

मी समोरच्या बाकावर बसलो. ती गज सोडत नव्हती. मला वाटलं हट्टानं. मग बघितलं, बोटं उघडतच नव्हती तिची. मी एकेक बोट सोडवलं. तळव्याला गंजाचा तांबडा पट्टा उठलेला आणि हात गार, जानेवारीतल्या पाटाच्या पाण्यासारखा.

"भ्यालीस?"

"न्हाय," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "गाडी हिकडं आडबाजूला आणली, पाणी मारायला लागली, तवा भ्याले. म्हणलं आता ह्यांना कसं घावणार?"

पिशवीतून तिनं फडकं काढलं. चार दशम्यांतल्या दोन तिनं खाल्ल्या होत्या, दोन तशाच. "खावा. सकाळपास्नं काय न्हाय पोटात." मी तिथंच, धुतल्या डब्यात बसून खाल्ल्या. मुकादम दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

"नर्मदा बघितली का?" मी विचारलं.

"बघितली. तुमच्या नावानं बी हात जोडले. तुमी बघितली?"

"बघितली," मी म्हणालो.

रिक्षात मी ठरवत होतो, लेकीला काय सांगायचं. जावयापुढं काय सांगायचं. दार उघडल्यावर लेक ओरडलीच, "कुठं होता? फोन बंद, किती वेळ झाला!" मी पिशव्या खाली ठेवल्या. हिनं चपला काढता काढता सांगितलं, "धुकं काय थोडं हुतं? गाडीनं जीव खाल्ला नुसता." आणि सरळ आत जाऊन पाणी मागितलं. रात्री जेवताना जावयानं प्रवासाचं विचारलं. हिनं कापसाच्या व्यापाऱ्याचं सांगितलं, पेढ्याचं सांगितलं. इटारसीचं नाव काढलं नाही. ताटावरून माझ्याकडं बघितलंही नाही. ती चार माणसांत बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला म्हणालो, तुझा नंबर एका कागदावर मोठ्या आकड्यात लिहून दे. "का हो, आबा? फोनमध्ये आहे की." म्हटलं, असू दे. ती लिहून कामाला लागली आणि मी गॅलरीत उन्हाला बसून पाठ करायला लागलो, पाढे म्हणायचो तसा, मोठ्यानं. पहिले सहा आकडे बसले. सातव्याला अडकायचो, परत पहिल्यापासून. दहा-बारा वेळा झालं असेल. परत सातव्याला अडकलो, तर आत भाजी निवडत बसलेल्या हिनं तिथनंच सातवा आकडा सांगितला, आठवा, नववा आणि दहावाही.

मी कागदात बघितलं. बरोबर होता. मी परत पहिल्यापासून सुरू केलं.