बाराव्याच्या भजनातल्या शिव्या

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला पन्हाळ्याच्या रस्त्यावर माझ्या भावाची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. त्याला घरी आणलं तेव्हापासून आई रडली नव्हती. डोळ्यांत टिपूस नाही, तोंडात शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "काहीही करा, पण यांना रडवा." आता रडवायचं तरी कसं? अख्खी गल्ली गळा काढून गेली, आणि ही आपली भिंतीकडं बघत बसलेली.

बाराव्याला आईचा थोरला भाऊ कुरुंदवाडहून त्याचं भजनी मंडळ घेऊन आला. अशा घरात देह नाशिवंत आहे, हे सांगणारे अभंग म्हणतात. मामानं पेटी पुढं ओढली आणि भलताच अभंग धरला! जुन्या काळातल्या एका संतबाईनं देवाला घातलेल्या शिव्या होत्या त्या. त्याही साध्यासुध्या नव्हेत. देवालाच मेलेला ठरवून त्याच्या बायकोचं कुंकू पुसायची भाषा! मी तर गारच पडले. आमच्यात नुसतं 'आयला' म्हटलं तरी बाबा कानफटात वाजवायचे.

बाबा ताडकन उठले. "अहो पावणं, मयताचं घर हाय! हे काय लावलंय?"

"संतांचंच हाय की दाजी," पेटी न थांबवता मामा म्हणाला. "मी पदरचं काय बी घालत न्हाय. बसा."

भजनाची रीत अशी, की पुढचा म्हणेल ते मागच्या टाळकऱ्यांनी उचलायचं. विचार करत बसायचं नाही. मामा श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात बायकांतून आवाज आला. आईचा.

"मुडद्या, तुझं बी पोर असंच चादरीत गुंडाळून घरी येऊ दे!"

हे कुठल्याच अभंगात नव्हतं. आणि टाळकऱ्यांनी ते उचललं की हो! सगळे बाप्ये टाळांच्या ठेक्यात देवाला तोच शाप द्यायला लागले. आता देव आमचं आणखी काय करील, या भीतीनं मी आईचं तोंड दाबायला धावले.

मामानं माझा हात धरला. "म्हणू दे तिला."

आई शिव्या देत राहिली, टाळकरी एकेक उचलत राहिले. मग तिनं माझ्या भावाचं नाव घेऊन हंबरडा फोडला. तो मात्र मागं कुणालाच उचलता आला नाही.