जोडीणीची जागा

पेणमधल्या माझ्या दुकानात मी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एकदा जवळच्या जिते गावाकडची एक म्हातारी पोराने टाकून दिलेला कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आली. ती धवलारीण होती, आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी.

"यात माजी गानी भरून दे. घरी ऐकीन," म्हणाली.

विंडोज त्या मशीनला झेपत नव्हतं. मी लिनक्स टाकलं, रेकॉर्डिंगचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, साधा माइक जोडला आणि पंखा बंद केला. तिने आधी माइकला हात जोडले, मग गायला लागली. डावा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर होता. प्रत्येक ओळीनंतर ती त्या ओळीएवढाच वेळ गप्प राहायची.

दम लागत असेल, म्हणून मी नंतर त्या मोकळ्या जागा कापून टाकल्या आणि शाबासकीच्या आशेने हेडफोन तिच्या कानांवर चढवले. ती दचकली.

"माज्या जोडीणीची जागा कुटं गेली रे?"

"मावशी, तिथे कुणीच गात नव्हतं."

"धवला दोघींचा असतो, बाला. एक बोलते, दुसरी तीच ओळ परत बोलते. ती गेली, म्हणून तिची ओळ पन मीच बोलू काय?"

मी सगळ्या जागा परत आणल्या. तिने पुन्हा ऐकलं. स्वतःचा आवाज चालू असताना ती नुसती बसून होती. तो थांबला की मात्र डोळे मिटून मान डोलवायची.