‘बाता’ म्हणजे काय

केशोरीच्या अलीकडे पोलिसांचा नाका होता. आईला दवाखान्यातून मोटारसायकलवर घरी आणत होतो. लायसन, आरसी, विमा, सगळं दाखवलं. मग आईच्या नातवाएवढ्या एका शिपायानं मागं बसलेल्या तिला विचारलं, "थैले में क्या है?"

तिला हिंदी धड कळत नाही. ती म्हणाली, "बाता?"

आमच्या गोंडीत ‘बाता’ म्हणजे ‘काय’. त्याला ऐकू आलं ‘बता’. "मेरे को बोलती है, बता?" त्यानं तिला खाली उतरवलं आणि थैली भर रस्त्यात उपडी केली. गोळ्या, एक्स-रे, एक लुगडं. मागच्या कारवाल्याला मात्र न थांबवताच "चलो सेठजी" म्हणाला.

‘साहेब, ती गोंडी बोलली,’ एवढंच सांगायचं होतं मला त्याला. पण इथं गोंडी म्हटलं की पुढचा प्रश्न जंगलातल्या बंदूकवाल्यांचा असतो. आणि मी, शाळेत पोरांना भाषा शिकवणारा भित्रा मास्तर, हात जोडून म्हणालो, "येडी हाय, साहेब. जाऊ द्या."

तो हसला. आम्हाला सोडलं.

आईनं रस्त्यावरचं सगळं वेचून थैलीत भरलं. मराठीही तिला फारशी येत नाही. ‘येडी’ हा शब्द मात्र येतो.