संपातलं प्रीतिभोजन

आज माझ्या नावापुढं बी. ए. लागतं ते पाद्रीबाबांमुळे. आईवडिलांनंतर मी कुणाचा सर्वांत जास्त ऋणी असेन तर त्यांचाच. पाद्रीबाबा प्रार्थना उघड्या डोळ्यांनी करत. आमची सगळी मंडळी माना खाली घालून, डोळे मिटून बसलेली असे आणि बाबा देवाशी बोलता बोलता एकेकाच्या तोंडाकडे पाहत असत. एकदा एका पाहुण्या उपदेशकानं त्यांना यावरून हटकलं. बाबा म्हणाले, "डोये मिटले का मले मीच दिसतो. देवाले माह्याच बद्दल किती सांगू?"

बाबा मूळचे मेहकरकडचे. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले आणि मिशनच्या अनाथाश्रमात ते वाढले. धोतरावर एक जुना काळा कोट, तोही कोणा गोऱ्या साहेबानं उतरवलेला. आमच्या गावच्या कापसाच्या जिनात माझे वडील यंत्रांना तेल घालत, माय रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कपाशी सोडी. मला पुढं शिकवायला वडील तयार नव्हते. "शिकून काय साहेब होते काय हा?" ते म्हणाले. बाबा ओट्यावर ठाण मांडून बसले. "साहेब नको होऊ दे बे. साहेब काय म्हनते थे समजलं तरी बस झालं." वडील हो म्हणेपर्यंत ते ओट्यावरून हलले नाहीत.

शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे त्यांचं एकच प्रवचन. शेजारी कोण, असं कुणी विचारलं की म्हणत, "ज्याच्या घरचा धूर आपल्या घरात येते, थो शेजारी." जिनचा धूर तर सगळ्या गावात येई. म्हणजे जिनचे मॅनेजरसाहेबही शेजारीच. ते बाहेरून आलेले ख्रिस्ती गृहस्थ होते आणि दर रविवारी आमच्या देवळात पुढच्या खुर्चीवर बसत. बाबा त्यांच्याकडेही तसंच टक लावून पाहत प्रार्थना करत.

जिनात रेचे दिवसभर चालत. तान्ह्या मुलांच्या आया सकाळी मुलाला अफूची बाळगोळी चाटवत आणि रुईच्या ढिगाआड निजवत. दुपारच्या सुट्टीत एकदा पाजायचं, की पुन्हा गोळी. आमच्या मायनंही आम्हाला तसंच वाढवलेलं. मी अमरावतीला कॉलेजात होतो त्या वर्षी, नाताळच्या तोंडावर, माझी थोरली बहीण रूथ दुपारी आपल्या मुलीला पाजायला गेली आणि मुलगी उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी एकही बाई रेच्यावर गेली नाही. मी घरी पोचलो तेव्हा सगळ्या फाटकासमोर बसल्या होत्या. मागणी एकच होती : सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा रेचे थांबवावेत, म्हणजे मुलांना पाजता येईल आणि गोळी द्यावी लागणार नाही. पुढं होती रहिमतबी, पिंजाऱ्याची विधवा, जिभेनं तिखट. बाबा साहेबांकडे निघाले तशी ती म्हणाली, "बाबा, साहेबाले इचारा, तुमच्या मायनं तुमाले अफू चाटवली असती तं आज खुर्चीत कोन बसलं असतं?"

मी बाबांबरोबर गेलो होतो. साहेब सौम्यपणे म्हणाले, "बाबा, प्रीती देवळात ठीक आहे. इथं इंजिन आहे."

"देवळात तं साऱ्याईलेच जमते साहेब," बाबा म्हणाले. "तिथं कोनाचं काय जाते?"

साहेबांनी दार लावून घेतलं आणि सोनाळ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, बदली बाया आणायला मुकादमाकरवी गाड्या धाडल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी त्या गाड्या आल्या. आत डोंगराकडच्या बाया, कडेवर पोरं. आमच्या बाया गाड्यांना आडव्या झाल्या. रहिमतबीनं धोंडा उचलला होता. बाबा मधे उभे राहिले. "पोरी, त्याईच्याही कडेवर लेकरं हायेत. उद्या हेच लेकरं रुईआड निजतीन." मग ते गाडीजवळ गेले आणि त्या बायांना म्हणाले, "उद्या आमचा सन हाय. आमच्या पंगतीत जेवाले या. मंग आत जायाचं का नाई थे तुमी ठरवा."

नाताळच्या प्रीतिभोजनासाठी मंडळी घरोघरचं धान्य देवळात जमा करत असे. त्या वर्षी संप सुरू झाल्यापासून गावातल्या हरजातीच्या संपकरी बायांची चूल त्याच धान्यावर पेटत होती. काटकसरीनं ते अजून कितीतरी दिवस पुरलं असतं. नाताळच्या दिवशी बाबांनी ते सगळं शिजवायला लावलं. वडील चिडले. "बाबा, हे संपलं तं आमी काय खावं?" बाबा म्हणाले, "थ्या आपल्यासंग बसल्या तं कारखाना बंद राह्यते. मंग साहेबाले बोलावंच लागते."

पंगत बसली. रूथनं त्या बायांना वाढलं. एकीनं तिला विचारलं, तुझं मूल कुठं आहे. रूथनं सांगितलं. त्या बायांनी भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, आम्ही आत जाणार नाही. बाबांचे डोळे वाहत होते. कारखान्याचा भोंगा दुसऱ्या सकाळी वाजला, पण इंजिन चाललं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी ते चाललं. देवळात आता दाणा नव्हता. मुकादम ज्वारीची पोती घेऊन फाटकात बसला, आणि डोंगराकडच्या बाया माना खाली घालून एकेक आत गेल्या. रूथला मुलाचं विचारणारी सर्वांत शेवटी गेली. तिचं मूल रडत होतं.

मग आमच्या बायाही भुकेपोटी फुटल्या. सगळ्यांचा राग बाबांवर. "आमच्याच दाण्यावर त्याईले तगवलं," रहिमतबी भर रस्त्यात ओरडली. "साहेबाचा मानूस!" आणि साहेबांनी मिशनला कळवलं की हा उपदेशक मजुरांना चिथावतो. दोन्हीकडून दोष एकाच माणसाला. बाबांची बदली पार मेहकरकडच्या एका खेड्यात झाली. ते निघाले तेव्हा त्यांच्या गाडीशी मी आणि रूथ, दोघंच. ती म्हणाली, "बाबा, तुमी सांगतलं म्हून मी त्याईले वाढलं. आता मले सांगा, मी कोनावर रागावू?"

गाडी हलली तरी बाबा प्रार्थनेतल्यासारखे तिच्याकडे पाहत राहिले.

परवा निकाल लागला. पेढे वाटण्याआधी मी त्यांना पत्र लिहिलं, ते असं :

ती. पाद्रीबाबांस सा. न. वि. वि.

मी बी. ए. झालो. हे आधी तुम्हांला कळवायचं होतं. रूथला पुन्हा दिवस गेले आहेत. हंगाम सुरू होईल तेव्हा मूल तान्हं असेल. जिनात सगळं पूर्वीसारखंच आहे, गोळीसुद्धा. बाया पुन्हा संपाचं बोलतात, पण या खेपेला गाड्या आल्या तर दगडांनी परतवू म्हणतात. त्यांना नको म्हणण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, आणि हो म्हणवत नाही. म्हणून गाड्या यायच्या आधीच मी सोनाळ्याकडे जाऊन आलो. तुमच्या पंगतीत बसलेल्या दोघी भेटल्या. एकीनं दार लावून घेतलं. दुसरी ती सर्वांत शेवटी आत गेलेली; तिचं ते रडणारं मूल त्याच हंगामात जिनात दगावलं. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, आम्ही येणार नाही, पण त्या दिवसांत आम्हाला खायला कोण देईल?

मी उद्या पुन्हा तिकडे निघालो आहे. तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही. तुम्हांला सुचलं तर लवकर कळवा, वेचणीला थोडेच महिने उरले आहेत.