दगडांची पेटी मी लावली

ये, अशी जवळ बस. दारात उभं राहून काय ऐकतेस? आणि तो मोबाईल ठेव की गं बाजूला, नुसता तोंडावर उजेड पाडून बसतेस. एक सांगायचंय. कुणालाच सांगितलेलं नाही — लेकीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले, तिथंसुद्धा दुसरंच काहीबाही बोलून आले.

साताऱ्यातली ही पाच मजली इमारत, जिच्या जिन्याखाली माझी खोली — ती व्हायच्या आधी इथं मोकळा प्लॉट होता. मी राखणीला, पत्र्याच्या शेडात. एकटीच. पाया किती खोल घ्यायचा हे ठरवायला जमिनीत भोकं पाडणारं मशीन आलं. ते चालवायचा बिरू. जतकडचा धनगर, चाळिशीचा, मला मावशी म्हणायचा. लय बोलका. म्हणायचा, "आमच्याकडं पाण्यासाठी भोक पाडलं की दगड लागतोय, आन् हितं दगडासाठी पाडलं की पाणी. जमीन बी माणूस बघून वागती, मावशी!" मी हसायचे. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी बोलत होतं, तुला काय सांगू?

भोकातनं दगड निघायचे, लाटण्यासारखे गोल. ते लाकडी पेटीच्या खणांत ओळीनं ठेवायचे — वरचा आधी, खालचा नंतर. ती ओळ बघून इंजिनिअर साहेब सांगणार, किती फुटांवर मुरूम आणि किती फुटांवर पक्का कातळ. सगळी अक्कल त्या ओळीत. एक दिवस दगडांवर आकडे घालायचा रंग संपला. जोडीची माणसं जेवायला गेलेली. बिरू रंग आणायला निघाला. जाताना म्हणाला, "मावशी, पेटीला हात लावू नगा बरं का."

एवढंच सांगितलं होतं त्यानं. एवढंच.

मला कुरडया घालायच्या होत्या. स्वच्छ सपाट जागा म्हणजे पेटीखालचा कोबा, तेवढीच. म्हटलं, हातभर सरकवली तर काय होतंय? ओढली — आणि पेटी कलंडली. दगड सगळे मातीत.

मग मी काय केलं? धुतले, गं. एकेक दगड धुतला. आणि मांडणीवर भांडी लावतो तसे लावले — लांब, गुळगुळीत, दिसायला चांगले ते वरच्या खणांत. चुरा, तुकडे, मुरूम खाली. मागं सरून बघितलंसुद्धा. बरं दिसतंय, म्हटलं. आणि कुरडया घालायला बसले.

बिरू यायच्या आत साहेबच आले. पेटी उघडून बघतच राहिले. तेवढ्यात बिरू आला, रंगाचा डबा हातात.

"वर अखंड कातळ आणि खाली मुरूम? जमीन उलटी झाली का रं?" साहेब म्हणाले. "काम न करता दुसरीकडचे दगड भरलेस."

बिरूनं पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मावशी, पेटीला कुणी हात लावला हुता का?"

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले. कळत नव्हतं, हे खरंच की. पण मी तिथंच थांबले का? नाही. साहेबांना म्हणाले, "हा तर दुपारधरनं हितं न्हवताच." हेही खरंच. दोन खऱ्या गोष्टी बोलले मी, आणि एका माणसाला खोटं पाडलं.

बिरूनं रंगाचा डबा पेटीशेजारी ठेवला. त्याच दिवशी त्याला काढलं. वळकटी खांद्यावर टाकून निघाला, तेव्हा कोब्यावर नजर गेली त्याची, जिथं पेटी होती तिथं. म्हणाला, "मावशी, कुरडया आत घ्या. आभाळ आलंय."

त्याला कळलं होतं. तरी साहेबांच्या मागं धावला नाही. आणि मी? मी कुरडया आत घेतल्या.

दुसऱ्या माणसानं शेजारीच नवं भोक पाडलं. वर मुरूम, खाली कातळ — जसं असायचं तसं. इमारत सरळ उभी आहे, एक तडा नाही. बिरूला कुणी परत बोलावलं नाही. बोलवा, असं मीही म्हणाले नाही.

मागं एकदा शिरवळला रस्त्याकडेला तसलंच मशीन दिसलं. बसमधनं उतरले, जवळ गेले. दुसराच कुणी होता. आणि मला — हे तर सांगायलाच नको होतं — मला हायसं वाटलं.

घर जाईल म्हणून भ्याले, असं म्हणता येईल. पण साहेब मला एका शब्दानं बोलले नसते. म्हाताऱ्या बाईला कोण काय म्हणतंय? हे मला तेव्हाही माहीत होतं.

झालं सांगून. तू काही म्हणू नकोस. तोंड वाईट करू नकोस, नि समजूतही घालू नकोस. रविवारी दुपारी मात्र ये. इथं जिन्यावरनं दिवसभर पावलं वाजतात, खाली कुणी थांबत नाही. लवकर ये.