एडिंबराच्या पत्राची अंघोळ

राहात्यात आमच्या खतं-बियाण्याच्या दुकानासमोर मुळे काका राहतात. शामकांत मुळे. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले आणि तेव्हापासून लोकांची पत्रं गोळा करतात. तीही ओळखीच्या लोकांची नाहीत. राणीच्या काळात परदेशातून आपल्या जिल्ह्यातल्या मिशनच्या गोऱ्या लोकांना आलेली. म्हणजे लिहिणारा, घेणारा आणि पोचवणारा, तिघंही कधीच वर गेलेले. माझा या विषयाशी संबंध एवढाच, की काकांना ऐकणारा माणूस लागतो आणि मला दुपारी गिऱ्हाईक नसतं.

दमयंतीकाकू या छंदाला 'मेलेल्यांचं टपाल' म्हणतात. तरी इतकी वर्षं त्यांनी ते घरात राहू दिलं. काकांची तिकिटं त्यांच्या स्टीलच्या वाट्यांमध्ये भिजली, त्याच वाट्यांत मग मटकी भिजली.

या हिवाळ्यात काकांनी पहिल्यांदाच नगरच्या तिकीट प्रदर्शनात नाव दिलं. मांडायची सगळी पाकिटं जमली, फक्त इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरावरून आलेलं एक कमी पडत होतं. त्यापायी काका जेवताना पानावर बसल्या बसल्या हरवायचे. शेवटी पुण्याच्या एका जुन्या संग्राहकाला आपली दोन लाडकी पाकिटं देऊन त्यांनी ते मिळवलं. शुक्रवारी संध्याकाळी ते घेऊन एसटी स्टँडवरून आले, स्कूटरवरून उतरले तेव्हा चेहऱ्यावर नवऱ्यामुलाचं तेज होतं. मी दुकान सोडून धावलो.

१८७४ सालचं पाकीट, एडिंबराहून निघून ब्रिंडिसीमार्गे आलेलं. राणीच्या तोंडाचं तिकीट, बोटीवरच्या पोस्टाचा शिक्का, झोकदार अक्षरात 'अहमदनग्गर'.

"बघ गोरख, गावाचं नाव अहिल्यानगर झालं, आणि हे आत्ता घरी येतंय," काका म्हणाले.

तेवढ्यात काकू दारात आल्या. त्यांनी तिकीट पाहिलं नाही. पाकिटाच्या चारी कडांना बोटभर काळा काठ होता, तो पाहिला.

"तिथंच थांबा. उंबऱ्याच्या आत यायचं नाही."

मुळ्यांच्या घरात माणूस गेल्याचं पत्र कधी आत आलेलं नाही. कार्डावर 'अशुभ' लिहिलेलं दिसलं की ते ओट्यावर वाचायचं, तिथंच फाडायचं आणि थेट न्हाणीघर गाठायचं. आता बातमी मोबाईलवर येते. मोबाईल फाडता येत नाही म्हणून काकू मेसेज पुसून टाकतात आणि अंघोळीला जातात.

"अगं, तिकडे सुतकातली माणसं वर्षभर असल्याच पाकिटातून पत्र लिहायची," काका म्हणाले. "आत लोणच्याची कृतीसुद्धा असेल. आणि आत आता काहीच नाही, नुसतं पाकीट आहे."

"म्हणजे सुतकातल्या माणसाचा हात लागलेला आहेच ना? मग फाडा."

काका पाकीट छातीशी धरून स्कूटरपर्यंत मागे मागे गेले. मी मध्ये पडलो. "काकू, दुकानात ठिवतो मी. युरियाच्या गोणीवर ऱ्हाईल."

"तुझं दुकान चालतंय ते बघवत नाही का तुला?"

मग पाकीट स्कूटरच्या डिकीत गेलं. त्यानंतर काका जेवढ्या वेळा डिकी उघडायचे तेवढ्या वेळा त्यांना अंघोळ करावी लागायची, तीही थंडीत. शनिवारी दुपारपर्यंत ते शिंकायला लागले.

काकूंचा भाऊ अवधूत नेवाशाला भिक्षुकी करतो. शेवटी त्याला फोन लावला. तो म्हणाला, वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर नुसती अंघोळ पुरते, फाडायची गरज नाही. काका खूश झाले.

"बरं," काकू म्हणाल्या. "तुमची अंघोळ झाली. पत्राची?"

काकांचा चेहरा उतरला. दीडशे वर्षांची शाई, एक थेंब लागला तरी फुटणार. भिजून तिकीट सुटलं तर पाकिटाची रद्दी. मला हसू येत होतं, पण काकांकडे बघून ते मी गिळलं. म्हातारा खरंच घाबरला होता.

रविवारी सकाळी आठच्या एसटीनं नगरला जायचं होतं. काका न्हाणीघरात होते. मी दुकानाचं शटर वर केलं आणि समोर पाहिलं, तर काकू अंगणातल्या नळाखाली पाकीट धरून उभ्या, नळ धो धो सोडलेला.

"काका, पळा! काकूनं न्हाऊ घातलं त्याला!"

काका टॉवेलवर आले, डोक्याला साबण तसाच.

काकूंनी शांतपणे नळ बंद केला. काका पाकिटं ठेवतात तसल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाकीट होतं. पिशवीचं तोंड दोनदा दुमडून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला होता.

"असं काय बघता? अशुभ कळलं की अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ करायची. सचैल. त्यानंही कपड्यांसकट केली."

काका पिशवी पुसायला टॉवेल सोडणार होते, मी घाईनं माझा गमछा पुढं केला. आत पाकीट कोरडं ठणठणीत. काका ओट्यावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे हसायला लागले.

"आता आणा आत," काकू म्हणाल्या. मग पाकिटाकडे बघत म्हणाल्या, "कोण गेलं होतं हो तिचं?"

"कुणाचं?"

"लिहिणारीचं. अक्षर बाईचं आहे."

काकांना बोट माहीत होती, बंदर माहीत होतं, शिक्के पाठ होते. "ते पाकिटावर नसतं गं."

"एवढ्या लांबून रडत आलं बिचारं, आणि तुम्ही तिकिटाच्या कडेचे दात मोजताय."

नगरला मी सोबत गेलो. परीक्षक चष्मा वर करून पाकिटाखालची माहिती वाचत होते. वाट, बोट, शिक्के, सगळं काकांनी नीट लिहिलं होतं. खाली एक ओळ पेनानं नंतर घातलेली होती: 'कोण गेलं होतं, ते कळलेलं नाही.'

"जे माहीत नाही ते कशाला लिहिलंत?" परीक्षकांनी विचारलं.

काका शिंकले. नाक पुसून म्हणाले, "घरी विचारतात."